गाजराची पुंगी

'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली' ही म्हण ज्या कुणी प्रथम केली, तो माणूस बँकेत असता तर नक्की कर्जविभागाचा प्रमुख झाला असता. वीस वर्षं कौंटरच्या आतल्या बाजूला बसून मी नाना तऱ्हेच्या गुंतवणुकी पाहिल्या. पण जिच्यात मुद्दल बुडण्याची शक्यता शून्य, आणि बुडालंच तर निदान कोशिंबीर हाती लागते, अशी गुंतवणूक ही एवढी एकच.

एवढी सुरक्षित वस्तू असूनही आपल्या मायमराठीने घरगुती वाद्यांना कधी मान दिला नाही. माणूस स्वतःचंच सांगत सुटला की तो आपलं तुणतुणं वाजवतो. स्वतःची स्तुती करू लागला की टिमकी वाजवतो. गाडी खडखडायला लागली की तिचं डबडं झालं म्हणायचं, आणि साहेबांपुढे उभं राहिलं की आपली पुंगी टाइट होते. सतार, सारंगी, संतूर ही मात्र बड्या घरची मंडळी. त्यांच्या नावाने कुणी कुणाला हिणवत नाही. मोठ्या ठेवीदाराला आत बोलावून चहा आणि पेन्शनवाल्या आजोबांना 'रांगेत उभे राहा', त्यातलाच हा प्रकार. वास्तविक इतिहासाची खातेवही उघडली, तर या बड्या घरच्या वाद्यांचे पणजोबा स्वयंपाकघरात, नाही तर परसात भाजीच्या मांडवाखाली सापडतात.

ही खातेवही मला उघडावी लागली ती मे महिन्याच्या सुटीत. निमित्त झालं छंदवर्गांचं. त्यांची फी ऐकल्यावर सौ. म्हणाल्या, "अहो, एवढे पैसे घालण्यापेक्षा तुम्हीच काही तरी शिकवा की पोरांना." आता बी.कॉम. झालेल्या माणसाने मुलांना सुटीत काय शिकवायचं? घसारा? चिरंजीव आठवीत, कन्या तिसरीत. दोघांत मिळून एक बॅटरीवर चालणारा खेळण्यातला पियानो होता. बॅटरी संपल्यावर तो जो कपाटावर चढला, तो आजतागायत तिथेच आहे. तेव्हा असं ठरलं, की वाद्यं घरीच करायची आणि भांडवल म्हणून घरात असेल तेच वापरायचं. रद्दी, डबे, बाटल्या, झाकणं. म्हणजे जे आम्ही एरवी बुडीत खाती टाकतो, ते सगळं.

पहिली झाली पिपाणी. शीतपेयाची नळी घ्यायची, तिचं एक टोक दातांनी दाबून चपटं करायचं आणि कात्रीने दोन्ही बाजू तिरप्या कापून त्याला टोक काढायचं. ते टोक ओठांच्या आत धरून जोरात फुंकलं की नळी बेडकाच्या चुलत्यासारखी ओरडते. आता नळ्या कागदाच्या मिळतात. त्याही चालतात, फक्त ओल्या होण्याआधी वाजवून घ्याव्या लागतात. खरी गंमत पुढे आहे. एकाने फुंकत राहायचं आणि दुसऱ्याने नळीचं पलीकडचं टोक कात्रीने कापत जायचं. प्रत्येक कापेगणिक स्वर वर वर चढतो. नळी आखूड झाली की आतला हवेचा खांब आखूड होतो आणि आवाज बारीक होतो. एका नळीत सगळी सरगम ऐकू येते आणि सरगम संपते तेव्हा नळीही संपलेली असते.

ही युक्ती ज्यांनी हजारो मुलांपर्यंत नेली ते अरविंद गुप्ता. 1975 साली कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर होऊन ते पुण्याला मोटारींच्या कारखान्यात लागले आणि मग कचऱ्यातून खेळणी करण्याच्या नादी लागले. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं आणि 2018 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. आमच्या घरी मात्र अजून 'नीट अभ्यास केला नाहीस तर कचरा वेचशील' असंच सांगितलं जातं.

तशी ही पिपाणी आपल्याला नवी नव्हे. कोकणातली पोरं नारळाच्या झावळीची पात गुंडाळून तीच करतात, आणि लग्नात जी सनई ऐकून आपण गहिवरतो तिच्या तोंडाशीही अशीच एक चिमुकली पात थरथरत असते. आंब्याची कोय रुजून फुटली की ती दगडावर घासून तिची पुंगी करणारी पोरंही देशभर होती. बंगालमध्ये तर या पुंगीने इतिहास घडवला. बिभूतिभूषण बंदोपाध्यायांची 'पथेर पांचाली' 1929 साली पुस्तकरूपाने आली. तिच्या एका भागाचं नाव कोयीच्या पुंगीवरूनच आहे. पुढे मुलांसाठी तिची छोटी आवृत्ती निघाली, तिलाही तेच नाव दिलं गेलं, आणि तिच्यातली चित्रं काढायला एक तरुण चित्रकार बसवला. चित्रं काढता काढता त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला. तो चित्रकार म्हणजे सत्यजित राय, आणि सिनेमा 1955 सालचा. कोयीवर याहून मोठं व्याज कुणाला मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी बाटल्या आल्या. (सरबताच्या.) सहा बाटल्या ओळीने मांडून त्यांत कमीजास्त पाणी भरलं आणि चमच्याने वाजवल्या. पाणी जितकं जास्त तितका स्वर खाली. इथवर ठीक होतं. पण कन्येने त्यातलीच एक बाटली उचलून तिच्या तोंडावरून फुंकर मारली, तर सगळं उलटं! पाणी जास्त तर स्वर वर. दोघंही माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू हिशेबात फरक मीच घातला आहे.

फरक कुठेच नव्हता. चमचा मारला की थरथरते ती काच आणि तिला चिकटलेलं पाणी. पाणी वाढलं की ओझं वाढतं, थरथर मंदावते, स्वर उतरतो. फुंकर मारली की थरथरते ती आतली हवा. पाणी वाढलं की हवेला जागा कमी, थरथर जलद, स्वर चढतो. म्हणजे रक्कम एकच, पण एका खात्यात नावे आणि दुसऱ्या खात्यात जमा. ही द्विनोंदी पद्धत माझ्या डोक्यात घालायला कॉलेजच्या प्राध्यापकांना तीन वर्षं लागली होती. ती पोरांना दोन बाटल्यांत समजली.

पाण्याच्या संगीताला आपल्याकडे वंशावळ मोठी आहे. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला सांगितल्या त्यांत 'उदकवाद्य' नावाची एक कला आहे. ग्रंथाचं नाव मुलांसमोर काढता येत नाही, पण कला निरुपद्रवी आहे. टीकाकार म्हणतो, पाण्यावर हाताने मृदंगासारखं वाजवणं म्हणजे उदकवाद्य. आंघोळीच्या बादलीत थपाथप हात मारून सगळं न्हाणीघर भिजवणाऱ्या मुलाला पुढच्या खेपेला धपाटा घालण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी. चिनी मातीच्या वाट्यांत पाणी भरून वाजवायचा जलतरंग सतराव्या शतकातल्या 'संगीत पारिजात'मध्ये नोंदला गेला आहे.

तिकडे युरोपातही मोठमोठी माणसं हेच उद्योग करत होती. ग्लुक नावाचा संगीतकार, ज्याच्या ऑपेरांनी पुढे युरोप गाजवला, तो 1746 साली लंडनमध्ये पाण्याने सुरात लावलेले 26 पेले मांडून बसला होता आणि लोक तिकीट काढून ते ऐकायला गेले होते. असेच पेले ऐकून बेंजामिन फ्रँकलिनला वाटलं की पाणी भरा, ओता, पुन्हा भरा ही कटकट कशाला? 1761 साली त्याने लहानमोठे काचेचे वाडगे एकात एक बसवून आडव्या दांड्यावर ओवले. दांडा पायाने फिरवायचा आणि काचेवर ओलं बोट टेकवायचं. शंभर डॉलरच्या नोटेवर चित्र आहे तोच हा फ्रँकलिन. नोटेवर तो या वाद्यासाठी गेलेला नाही, पण आम्हा नोटा मोजणाऱ्यांना आपुलकी वाटायला तेवढं पुरतं. मोझार्टने आपल्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, 1791 साली, या काचेच्या वाद्यासाठी खास रचना केली. ती वाजवणारी मारियान किर्शगेसनर ही कलावती अंध होती. नंतर मात्र अफवा उठली, की हा आवाज ऐकून लोकांच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो, माणसं भ्रमिष्ट होतात.

या अफवेवर आमच्या खालच्या मजल्यावरच्या नानांचा पूर्ण विश्वास आहे. नाना निवृत्त असून दुपारी दोन ते चार झोपतात. तोवर आमच्या वाद्यवृंदात बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचा ताशा, कंगव्याला पतंगाचा कागद लावून केलेला बाजा आणि बुटांच्या खोक्यावर रबरबँड ताणून केलेली सतार एवढी भर पडली होती. (रबरबँड बाजारातून रोख आणले होते. ऑडिटरसाहेबांनी नोंद घ्यावी.) नाना वर आले आणि म्हणाले, "अहो, ते डबडं बंद करा आधी. आणि कार्टी खाली खेळायला पाठवा."

मुलं हिरमुसली. मी त्यांना सांगितलं, की नाना एकटे नाहीत, भल्याभल्या सरकारांचंही हेच म्हणणं होतं. आणि मग त्रिनिदादची गोष्ट सांगितली.

वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद आपल्याला क्रिकेटमुळे माहीत. तिथे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची लेकरं गुलामगिरी संपल्यावर कार्निव्हलच्या सणात रस्त्यावर ढोल बडवत निघत. इंग्रज अधिकाऱ्यांना तो गोंगाट वाटे, आणि गोंगाटामागे बंड दिसे. 1881 साली कार्निव्हलमध्ये पोलीस आणि लोक यांच्यात मोठी मारामारी झाली आणि 1884 साली सरकारने कायदा करून ढोलावर बंदी घातली. लोकांनी काय केलं? बांबू तोडले. कमीजास्त लांबीचे आणि जाडीचे तुकडे करून ते जमिनीवर आपटले, एकमेकांवर हाणले. जाड बांबू घुमला, बारीक बांबू टणटणला, आणि ढोलाशिवाय मिरवणूक पुन्हा सुरू झाली. त्याला नाव पडलं 'टॅम्बू-बॅम्बू'.

मग 1930 नंतरच्या दशकात पोरांच्या हाती पत्रा आला. बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचरापेटीची झाकणं, मोटारींचे मोडके भाग. ठोकून ठोकून डब्यांना पोचे आले आणि लक्षात आलं, की एकाच डब्यावर निरनिराळ्या पोच्यांतून निरनिराळे स्वर निघतात. विन्स्टन सायमन, एली मॅनेट ही ज्यांची नावं या शोधाशी जोडली जातात ती तेव्हा मिसरूडही न फुटलेली पोरं होती. त्रिनिदादमध्ये तेल निघतं, शिवाय महायुद्धात तिथे अमेरिकेचा आरमारी तळ होता. त्यामुळे तेलाच्या रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. पोरांनी पिंपाचा तळ घणाने ठोकून परातीसारखा खोल केला, त्यावर स्वरांच्या जागा आखल्या, पिंप आगीवर तापवलं आणि एकेक जागा ठोकून सुरात आणली. मोठी जागा खर्जाची, लहान जागा तारसप्तकाची. 1951 साली या पिंपांचा वाद्यवृंद थेट लंडनला, ब्रिटनच्या राष्ट्रीय महोत्सवात वाजवायला गेला. म्हणजे ज्यांनी ढोल बंद केले त्यांच्याच दारात पिंप वाजलं. 1992 साली स्टीलपॅन त्रिनिदादचं राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर झालं आणि 2023 साली संयुक्त राष्ट्रांनी 11 ऑगस्ट हा दिवस त्याच्या नावे लावला.

यात बँकवाल्याच्या डोळ्यांत भरतो तो जप्तीचा मुद्दा. ढोल ओळखता येतो, पंचनामा करून उचलून नेता येतो. बिस्किटाचा डबा कसा जप्त करणार? तो घरोघरी असतो. आणि तो नेलाच, तर रंगाचा डबा शिल्लक असतो. वाद्य डब्यात नसतंच. ते 'कुठे ठोकलं की काय वाजतं' हे ठाऊक झालेल्या हातात असतं, आणि त्या हातावर टाच आणायची तरतूद अजून कुठल्या कायद्यात झालेली नाही.

गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडच्या पोरांवरही डबडी वाजवायची पाळी आली. महायुद्धानंतर पैसा कमी आणि वाद्यं महाग. 1956 च्या सुमारास तिथे 'स्किफल' नावाच्या संगीताची साथ आली. आईची कपडे घासायची पन्हळी पाटी घ्यायची आणि बोटांत शिवणकामाचं अंगुस्तान घालून ती खरडायची. चहाचं रिकामं खोकं उपडं करून त्याला केरसुणीचा दांडा आणि दोरी लावली की खर्जाचं वाद्य तयार. लिव्हरपूलच्या शाळेतल्या जॉन लेननच्या कंपूतही असं एक खोकं होतं. हाच कंपू पुढे बीटल्स झाला. हिंदुस्थान आणि सिलोनचा चहा अशाच प्लायवुडच्या खोक्यांतून विलायतेला जात असे. तेव्हा त्या भांडवलात आपलाही काही हिस्सा असणार. लाभांश मात्र आला नाही.

बंदीतून वाट काढण्याची ही तऱ्हा आपल्या शेजारी गोव्यातही दिसते. तिथलं घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं मडकं. गणपतीच्या आरतीला त्याच्याशिवाय रंग भरत नाही. त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं आणि ते योग्यच झालं. मडकं करणारे हात शहाणे होते, त्यांनी शेळीचं कातडं लावून पाहिलं. घुमट वाजत राहिलं आणि 2019 साली गोवा सरकारने ते राज्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर केलं.

आणि मिरज. तलवारी-भाल्यांना धार लावणारी शिकलगार मंडळी तिथे होती. इंग्रजी अंमल आला, लढाया थांबल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. त्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि मग ती घडवायलाच सुरुवात केली, असं मिरजेत सांगतात. ज्या हातांना पोलादाची नस कळत होती त्यांनी भोपळ्याची नस ओळखली. हो, भोपळ्याचीच. सतारीचा आणि तंबोऱ्याचा तो डौलदार गोल भाग म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकलेला, वाळवून आतून कोरून काढलेला भोपळा असतो. हा भोपळा कडू. वाजला नाही तर मोडून खायची सोय इथे नाही. धंदा बंद पडलेल्या कारागिराने हा एवढा धोका पत्करला, म्हणून आज देशभरचे गवई मिरजेचा तंबोरा मागतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

ज्यांना असला धोका नको त्यांच्यासाठी व्हिएन्ना आहे. ज्या शहरात मोझार्ट आणि बीथोव्हेन राहिले त्याच शहरात 1998 साली काही कलावंतांनी भाज्यांचा वाद्यवृंद काढला. सकाळी मंडईत जायचं, भाजी निवडायची, कोरून वाद्यं करायची आणि संध्याकाळी प्रयोग लावायचा. त्यात गाजराची पुंगी आहे, लाल भोपळ्याचा ढोल आहे. प्रयोग संपल्यावर श्रोत्यांना भाज्यांचं गरम सूप मिळतं. आपली म्हण त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. फक्त आपण 'वाजली तर' आणि 'नाही तर' असे दोन पर्याय ठेवले होते. त्यांनी दोन्ही वसूल केले.

पण हसणं थांबतं ते पॅराग्वेतल्या कातेउराशी आल्यावर. असुनसिओन या राजधानीच्या कचऱ्याची ही जागा. तिच्या कडेला कचरा वेचून जगणाऱ्यांची वस्ती आहे. 2006 साली फावियो चावेस नावाचा तरुण कचऱ्याच्याच कामासाठी तिथे गेला. त्याला संगीत येत होतं. तो मुलांना शिकवू लागला, आणि मुलं वाढली तशी वाद्यं पुरेनात. बरं, वाद्य दिलं तरी मूल ते घरी नेणार कसं? तिथे एका व्हायोलिनची किंमत राहत्या घराहून जास्त. ते चोरीला जाईल, नाही तर पोटासाठी विकावं लागेल. मग निकोलास गोमेस या कचरा वेचणाऱ्या सुताराने ढिगातूनच वाद्यं करायला घेतली. तेलाच्या पिंपाचा चेलो झाला, पाण्याच्या नळाची बासरी झाली, कळांच्या जागी बाटल्यांची बुचं आणि नाणी बसली. ती वाद्यं घेऊन ती मुलं देशोदेशी मोझार्ट वाजवून आली.

त्रिनिदादमध्ये सरकारला जप्त करता येऊ नये म्हणून डबडं उपयोगी पडलं. कातेउरात चोराला विकता येऊ नये म्हणून पडलं. दोन्हीकडे जे हाती राहिलं ते विकत मिळणाऱ्यातलं नव्हतं. म्हणून मला वाटतं, मुलांना पेटी-तबला जरूर घेऊन द्यावा, क्लासही लावावा. पण त्याआधी एखादी सुटी बाटल्या आणि डब्यांवर खर्च होऊ द्यावी. विकतचं वाद्य बंद पडलं की मूल दुकानाकडे पाहतं. घरचं बंद पडलं की ते डबा उलटा करून पाहतं. फरक एवढाच आहे, पण जगात काही बंद पडायची वेळ आली म्हणजे तोच उपयोगी पडतो. नानांची दुपारची झोप राखून, चार वाजल्यानंतर, हे सहज जमतं.

बँकेत ही वाद्यं कुणी तारण म्हणून आणलीच, तर आमच्या फॉर्मवर त्यांच्या किमतीच्या रकान्यात भोपळाच लिहावा लागेल, हे मला ठाऊक आहे. पण भोपळ्याचं पुढे काय होतं, ते एकदा मिरजेला जाऊन पाहून यावं.